गर्दीच्या नदीवर गळ टाकायचा तर कसं वागायचं

दिवाळीच्या आसपास बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पडले, पाणी निवळलं की पंचगंगेवरच्या कुठल्याही बंधाऱ्यावर रविवारी सकाळी जाऊन बघा. खालच्या अंगाला, जिथं पाणी फेसाळतं आणि मग शांत होतं, तिथं पंधरा-वीस काठ्या एका रांगेत लागलेल्या असतात. कॉलेजची पोरं नवीन रॉड-रील घेऊन आलेली, एखादे रिटायर मामा बांबूची काठी आणि मोरपिसाचं तरंगणं घेऊन बसलेले, मधेच एक भोई थर्माकोलच्या तराफ्यावर पालथा पडून जाळं सोडत चाललाय, वरच्या दगडांवर बायका धुणं आपटतायत आणि कुणाची तरी चार म्हसरं पाण्यात बसलीत. जागा तेवढीच आणि माणसं दरवर्षी वाढतायत, त्यामुळं भांडणंपण वाढतायत, आणि बहुतेक भांडणं अशी असतात की दोन मिनिटं आधी कुणीतरी एक वाक्य बोललं असतं तर झालीच नसती.

मला हे शिकवलं ते एका मामांनी, तेपण एक शब्द न बोलता. मी नवीन नवीन रील घेतलेलं, लांब फेकायची हौस. मामांच्या उजव्या हाताला चार पावलांवर उभा राहिलो आणि तिरका फेक मारला, शिसं जाऊन पडलं त्यांच्या तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीच्या, पलीकडं. मी गुंडाळेपर्यंत मामांना मासा लागला. काठी अशी वाकली की शेंडा पाण्यात गेला, ओढ जड होती, झटके न देता नुसता चालत निघाला होता, म्हणजे मोठा रोहू नाहीतर कटला. तो उजवीकडं वळला, माझ्या तंगुसाला एक फेरा घातला आणि टक् असा बारीक आवाज आला, काठी सरळ झाली. मामांनी तुटलेलं टोक दोन बोटांत धरून बघितलं, पिशवीतनं नवीन गळ काढला, गाठ थुंकीनं ओली करून दातानं ओढली, कणकेचा गोळा लावला आणि परत बसले. पहाटे पाचपासून बसलेले होते ते. शिवी खाल्ली असती तर मी संध्याकाळपर्यंत विसरलो असतो.

तेव्हापासून मी नदीवर एक क्रम पाळतो. पहिला मान ज्याचं पोट नदीवर आहे त्याचा, म्हणजे भोई, जाळंवाले. दुसरा मान ज्याचं रोजचं काम पाण्याशी आहे त्याचा, धुणं, जनावरं, मोटर बघायला आलेला शेतकरी, दहाव्याला आलेली माणसं. तिसरा मान आपल्या आधी येऊन बसलेल्याचा. आणि मग आपण. पुढं जे सगळं लिहिलंय ते या एका क्रमातनंच आलंय, कुठं अडलात तर फक्त हा क्रम आठवा.

निघायच्या आधी

गर्दीच्या ठिकाणी सहा काठ्या न्यायच्या नाहीत. हे आधीच सांगतो कारण हल्ली घुंगरू लावलेल्या पाच-सहा काठ्या ओळीत रोवून लांब सावलीत मोबाईल बघत बसायची पद्धत पडलीय, त्यानं एक माणूस चार माणसांची जागा खातो आणि मासा लागला की पळत येईपर्यंत तो शेजारच्या तीन तंगुसांना गुंडाळून मोकळा झालेला असतो. गर्दीत एक काठी, फार तर दोन, आणि दोन्ही हाताच्या अंतरावर.

पिशवीत गळ-शिशाबरोबर एक छोटी कात्री, बारकी पक्कड, हातजाळी, जुना टॉवेल, झाकणाची एक रिकामी प्लास्टिकची बाटली (ती कशाला ते शेवटी सांगतो) आणि चार जास्तीचे गळ टाका. जास्तीचे गळ स्वतःसाठी नव्हेत, तुमच्यामुळं कुणाचा तुटला तर हातावर ठेवायला. दहा रुपयांचा गळ आहे पण त्यानं माणसाचा राग जागच्या जागी उतरतो.

पावसाळ्यात पाण्याची बातमी बघितल्याशिवाय निघू नका. वरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, तेव्हा एकाच दरवाजाचं सेकंदाला चाळीस हजार लिटर झालं, हिशोब करा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, २०१९ च्या पुरानंतर तर जास्तच. पण बंधारा त्याच्या कितीतरी आधीच पाण्याखाली जातो आणि लोक त्याच्यावर उभे राहून गळ टाकत असतात. ही गोष्ट वागणुकीत का घेतोय, तर तुम्ही अडकलात की दोर घेऊन पाण्यात उतरायला लागतं ते दुसऱ्याच कुणाला तरी, बहुतेक वेळा गावातल्या भोयालाच. चढत्या पाण्यात बंधाऱ्यावर उभं राहणं म्हणजे आपला जीव न विचारता त्याच्या गळ्यात टाकणं आहे. बरगे काढायच्या-घालायच्या दिवसांतपण तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय खाली उतरू नका, पाणी एकदम वाढतं.

नदीत कुठं टाकायचा नाही

देवळाच्या घाटावर, स्नानाच्या घाटावर आणि दशक्रिया चालते तिथं गळ टाकू नये. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, मासा तिथं असणारच, पण माणसं तिथं श्रद्धेनं पाण्यात उतरतात, अनवाणी, तिथं गळ घेऊन उभं राहायचं नसतं. काही डोह असे असतात की गावानंच मासा राखलेला असतो. महाडकडं काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे, तिथले देवमासे म्हणजे महासीर, लोक त्यांना खायला घालतात, मारत नाहीत, आणि अशा राखलेल्या डोहांमुळंच या नद्यांत महासीर थोडाफार टिकलाय. बोर्ड असेल नसेल, नवीन ठिकाणी गेलात तर पहिल्या टपरीवर चहा घेताना विचारा, "मामा, नदीला कुठं मासं धरत न्हाईत काय?" या प्रश्नानं तुम्हाला जागा तर कळतेच पण गावातल्या माणसाला तुम्ही कसे आहात तेपण कळतं.

धरण, तलाव असेल तर मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. ते लोक पैसे घालून बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडतात, राखण करतात, आणि आपण रविवारी जाऊन त्यातला कटला ओढून फोटो काढतो, हे बरोबर नाही. संस्थेचा माणूस शोधा, गळाला परवानगी आहे का, पैसे किती, विचारा आणि पावती घ्या. नको म्हणाला तर नको.

कुणाशेजारी बसायचं

आल्या आल्या सामान काढू नका. पाच मिनिटं मागं उभं राहून बघा, कोण कुठं टाकतोय, पाणी कुठून कुठं ओढतंय, कुणी चारा टाकून जागा केलीय का. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जुनी माणसं पहाटे येऊन भाताचा कोंडा, भिजवलेली शेंगपेंड, कधी मक्याचं पीठ असं कालवून गोळे टाकतात, दोन-दोन तास मासा त्या जागेवर आणतात, आणि आठ वाजता मासा खायला लागल्यावर कुणीतरी बरोब्बर तिथंच शिसं आपटतो. चाऱ्याची जागा त्याची, तो उठेपर्यंत त्याचीच. लांबनं तुम्हाला पाण्यात काही दिसणार नाही, म्हणून विचारायचं.

विचारायचं म्हणजे काही फार नाही. काठी खांद्यावर, मागनं जायचं, सावली पाण्यावर पडणार नाही असं, आणि हळू आवाजात, "मामा, हितं पलीकडं बसू काय?" समोरचा बघून मान हलवतो किंवा म्हणतो की जरा खाली सरक. सरकायचं. त्याला तळाचे दगड माहीत आहेत, तुम्हाला नाहीत. "काय लागतंय काय?" हा प्रश्न दुसरा, पहिला नव्हे, आणि कशावर लागतंय हे तर त्यानं आपणहून सांगितलं तरच ऐकायचं.

अंतर किती? नदी मोकळी असेल तर वीस-पंचवीस पावलं तरी सोडा, सगळा काठ पडलाय, चिकटून कशाला बसायचं. बंधाऱ्याखाली गर्दी असेल तर सहा-सात फूटपण चालतात, पण मग एक अट सगळ्यांना लागू, फेक सरळ नाकासमोर. तिरका नाही. सहा फुटांत तिरका फेक म्हणजे शेजाऱ्याच्या पुढ्यात हात घालून जेवल्यासारखं आहे.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. तळाला शिसं ठेवून बसणारा आणि तरंगणं सोडणारा, यांचे तंगूस वाहत्या पाण्यात वेगळे वागतात. शिसं एका जागी बसतं. तरंगणं पाण्याबरोबर खाली वाहत जातं, आणि खालच्या अंगाला शिसंवाला बसला असेल तर तुमचं तरंगणं दर फेकीला जाऊन त्याच्या तंगुसावर अडकणार, त्यात तुमची काही दुष्टबुद्धी नसली तरी. म्हणून तरंगणंवाल्यानं रांगेच्या खालच्या टोकाला बसायचं, म्हणजे त्याच्यापुढं मोकळं पाणी राहतं. तिथं जागा नसेल तर तरंगणं शेजाऱ्याच्या तंगुसाच्या दोन हात आधीच उचलायचं आणि परत वर टाकायचं. कंटाळवाणं आहे, पण गर्दीत तेवढं करावं लागतं. आणि शिसंवाल्यांनी शिसं पुरेसं जड घ्यावं, हलकं शिसं वाहत वाहत खालच्या माणसाच्या दारात जातं.

लुअर, म्हणजे नकली चारा, फेकत चालत जाणाऱ्या पोरांना विशेष सांगणं, कारण हे नवीन आहे आणि त्यांना सांगणारं कुणी नसतं. रांगेच्या मागनं चाला, पुढनं नाही. दोन बसलेल्या माणसांच्या मधनं फेकायचं असेल तर दोघांना विचारा, आणि नाही म्हणाले तर वरच्या अंगाला मोकळी जागा शोधा, तुमच्याकडं पाय आहेत, लुअरची मजाच चालण्यात आहे. तीन काट्यांचा गळ असलेला लुअर दुसऱ्याच्या तंगुसात घुसला की अर्धा तास दोघांचाही गेला.

फेक मारताना

मागं बघा. प्रत्येक वेळी, शंभराव्या फेकीलापण. मागं चहा घेऊन आलेला माणूस असतो, बघायला उभं राहिलेलं पोरगं असतं. मी एका पोराच्या तळहातात गळ गेलेला बघितलाय, काट्यासकट आत, आणि चार जण चार सल्ले देत ओढायला निघालेले. ओढायचा नाही. तंगूस कापा, गळ हलणार नाही असं रुमालानं सैल गुंडाळा, दवाखान्यात न्या, डॉक्टर सुन्न करून काढतात, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. डोळ्याजवळ असेल तर बोटसुद्धा लावायचं नाही. आणि हे सगळं होईपर्यंत ज्याचा गळ होता त्यानं बरोबर जायचं, पोराच्या घरी सांगायचं, खर्च द्यायचा. तिथनं काठी गुंडाळून निघून जाणारा माणूस मी बघितलाय आणि त्याच्या शेजारी मी परत कधी बसलो नाही.

वर विजेच्या तारा आहेत का तेपण बघा, नदीकाठी मोटरींच्या लाईनी खूप खाली लोंबतात. हल्लीच्या कार्बनच्या रॉडमधनं करंट जातो.

लागला म्हणजे ओरडायचं

लाजायचं काही कारण नाही, मोठा मासा लागला की मोठ्यानं "लागलाsss" म्हणायचं. ही फुशारकी नव्हे, शेजाऱ्यांना दिलेला इशारा आहे. तो ऐकला की दोन्ही बाजूच्या दोघा-दोघांनी आपले तंगूस गुंडाळायचे, खालच्या अंगाच्यांनी आधी, कारण मासा बहुतेक वेळा पाण्याबरोबर खाली पळतो. आपल्याला त्या वेळी चावा लागत असला तरी गुंडाळायचं. मान्य आहे, जिवावर येतं. पण उद्या तुमचा मासा पळत असताना तोच माणूस गुंडाळणार आहे.

ज्याला लागलाय त्याचीपण जबाबदारी आहे. गर्दीत मासा खेळवत बसायचा नाही, ब्रेक जरा घट्ट ठेवा, तंगूस त्या जागेला शोभेल एवढा जाड घ्या. बारीक तंगुसावर पंधरा मिनिटं मासा फिरवणं मोकळ्या डोहावर ठीक आहे, इथं दहा माणसं काठ्या वर धरून तुमच्याकडं बघत उभी असतात. मासा खाली गेलाच तर काठी उंच धरून लोकांच्या मागनं तुम्ही खाली चला, त्याला रांगेतनं वर ओढू नका.

दुसऱ्याच्या माशाला हात लावायचा नाही, तंगूस तर अजिबात धरायचा नाही, तो ताणलेला तंगूस हाताला लागला की तुटतो आणि मग जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. मदत करायची असेल तर "जाळी धरू काय?" एवढंच. हो म्हणाला तर जाळी पाण्यात आधीच बुडवून स्थिर धरा, माशावर मारू नका, त्यानं मासा डोक्याकडनं जाळीवर आणला की उचला. आणि जाळीच्या काठावरनं सुटला तर? माफी मागा. तो एवढंच म्हणेल, जाऊ दे, नशीब.

गुंता झाला तर

होणारच. दोष कुणाचा हे नंतर, आधी दोघांनीही ओढायचं थांबायचं. ओढलं की साधा वेढा असतो त्याची गाठ होते. एकानं बोलायचं, "थांबा, मी सैल सोडतो, तुम्ही हळू गुंडाळा." दोन्ही तंगूस एकाच्या हातात काठावर येऊ द्या, आधी दोन्हीकडची शिशं नि गळ शोधा आणि गळाची टोकं टॉवेलमध्ये धरा. बऱ्याचदा एक शिसं वेढ्यातनं दोनदा-तीनदा उलटं काढलं की सगळं मोकळं होतं. दोन मिनिटांत सुटलं नाही तर कात्री काढा आणि आपला तंगूस कापा. आपला. चूक समोरच्याची असली तरी आपलाच कापलेला बरा, कारण एक तर वेळ वाचतो आणि दुसरं म्हणजे त्यानंतर तो माणूस दिवसभर तुमच्या बाजूला जपून टाकतो. दुसऱ्याचा तंगूस विचारल्याशिवाय कापणं ही मात्र नदीवरची सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

भोई आणि त्यांची जाळी

आपण हौस म्हणून येतो, ते रोज येतात, थंडीतपण, आदल्या संध्याकाळी जाळं सोडून पहाटे अंधारात काढायला. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या ओळीत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा आणि तिथं गळ टाकू नका. टाकला आणि अडकला तर हिसके द्यायचे नाहीत, एका हिसक्यात जाळ्याची चार घरं फाटतात आणि ती रात्री दिव्याखाली बसून कुणीतरी विणणार असतं. तंगूस कापा, भोई आला की सांगा, "अण्णा, तुमच्या जाळ्यात माझा गळ राहिलाय, हाताला लागंल, बघून काढा." हे सांगणं चुकवू नका. अंधारात जाळं ओढताना तो गळ त्याच्या बोटात जातो.

तराफा किंवा ट्यूब घेऊन तुमच्या पुढनं जायला लागला तर तंगूस गुंडाळा किंवा काठीचा शेंडा पाण्यात घालून तंगूस तळाला बसवा, तो वरनं जाईल. फेकजाळंवाला काठानं येत असेल तर पाच मिनिटं थांबा, त्याचं जाळं पडलं की तो पुढं जातो. "आमचा मासा हुसकावला" म्हणून त्याच्या अंगावर जाणाऱ्या शहरातल्या माणसांना मी हात जोडून सांगतो, मासा तुमचा नव्हता. आणि नदीबद्दल जे काही खरं कळतं ते या माणसांकडनंच कळतं, कुठल्या डोहात वाम आहे, मरळ कधी पिलं घेऊन फिरते, पाणी काळं येणार आहे का. त्यांच्याकडचा मासा विकत घ्या, भाव करत बसू नका.

घाटावरची बाकी माणसं

बायका धुणं धुवायला येतात त्या दगडांवर आपण सामान मांडायचं नाही, आपण आधी आलो असलो तरी. तो दगड त्यांचा आहे. त्या आल्या की "मावशी, उठतो" म्हणायचं आणि उठायचं. मोबाईलवर रील काढताना कॅमेरा त्यांच्याकडं, अंघोळ करणाऱ्यांकडं वळता कामा नये, यावरनं मारामाऱ्या झाल्यात आणि माझ्या मते मारणाऱ्याचं चुकलेलं नव्हतं. म्हसरं पाण्यात उतरायच्या जागी गळ टाकू नका. पोरं पोहायला आली की काठी गुंडाळून वरच्या अंगाला सरका, त्यांना हाकलू नका, पोरांनी नदीत पोहावं, तेवढं तरी नदीशी नातं राहू दे.

स्पीकरवर गाणी नकोत. दारू तर नकोच नको, फुटलेली बाटली पावसापर्यंत तिथंच पडून राहते आणि अनवाणी पायाची वाट बघते. रात्री बसत असाल तर हेडलाईट पाण्यावर आणि समोरच्या काठावरच्या माणसाच्या तोंडावर मारू नका, गळाला चारा लावताना खाली मान घालून दिवा लावायचा.

चढणीच्या दिवसांत

पहिला जोराचा पाऊस पडला, ओढे लाल पाण्यानं भरून नदीला मिळाले की मासा अंडी घालायला वर चढतो. हे दिवस थोडे असतात आणि सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच असते, ओढ्याच्या तोंडाला रांगा लागतात, कोकणात तर शेतात शिरलेले मासे धरायला अख्खी गावं बाहेर पडतात. ती पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे, तिला मी नावं ठेवणार नाही, मीपण त्या माशावर वाढलोय. पण दोन गोष्टी पाळा. ओढ्याचं तोंड या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्यानं किंवा दगडांनी बंद करू नका, निम्मा ओढा मोकळा ठेवा. आणि पोट फुगलेली, दाबल्यावर अंडी बाहेर येणारी मादी गळाला लागली तर सोडा. गाभोळी चवीला काय लागते ते मला माहीत आहे, तरीसुद्धा सोडा.

ठेवायचं काय, सोडायचं काय

चिलापी कितीही ठेवा, बारकीसुद्धा. ती आपली नव्हे, १९५२ साली भारतात आणली आणि नद्यांत सगळीकडं पसरली. सकर फिश, म्हणजे फिशटँकवाल्यांनी आणून सोडलेला तो खरखरीत काळा मासा, आणि बंदी असलेला मोठा परदेशी मांगूर, हे लागले तर परत पाण्यात सोडायचे नाहीत, दया म्हणूनसुद्धा नाही, आणि काठावर तडफडत टाकून पण द्यायचे नाहीत, लगेच मारून खड्ड्यात पुरा. आपला देशी मांगूर वेगळा, ओळखू येत नसेल तर भोयाला दाखवा.

रोहू, कटला, मृगळ अर्ध्या किलोच्या आतले मी सोडतो. सोडायचा तर हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो नंतर मरतो. गळ खोल गेला असेल तर तंगूस तोंडाजवळ कापून सोडा. फोटो काढायचा तर पाण्यात बसून, एकच.

कासव लागतं कधीकधी, कणकेवर हमखास. घाबरू नका, ओढू नका. मऊ पाठीचं कासव वन्यजीव कायद्यात वाघाच्या यादीतलं आहे, घरी न्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाका, पाठीमागनं धरा, पक्कडीनं गळ निघाला तर ठीक, नाहीतर तंगूस जवळ कापा आणि पाण्यात सोडा.

कुणी वाईट वागत असेल तर

नवीन पोरगं चुकत असेल तर चारचौघांत बोलू नका, शेजारी जाऊन बसा, दोन मिनिटं त्याचं तरंगणं बघा आणि सांगा, असं टाकलंस तर बरं. बहुतेक पोरं ऐकतात, त्यांना खरंच माहीत नसतं.

पण जिलेटिन फोडणारे, पाण्यात ब्लीचिंग किंवा औषध टाकणारे, बॅटरीचा करंट सोडणारे, हे वेगळं प्रकरण आहे. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, इंग्रजांच्या काळापासून. एकट्यानं अंगावर जाऊ नका, लांब जा, गाडीचा नंबर लक्षात ठेवा, ११२ ला फोन करा, गावच्या पोलीस पाटलाला सांगा. आणि नदीला मेलेले मासे तरंगत आले तर ते गोळा करून नेऊ नका, विकू तर नकाच, पाण्यात काहीतरी मिसळलेलं असणार.

उठताना

आता ती रिकामी बाटली. दिवसभरात तुटलेला, कापलेला जेवढा तंगूस असेल तो बोटभर तुकडे करून बाटलीत घाला, वापरलेले गळपण, आणि झाकण लावून घरी न्या. मागच्या हिवाळ्यात बाभळीला उलटा टांगलेला पाणकावळा मी खाली काढला, पंखाला नि पायाला तंगुसाचे सात-आठ वेढे होते, जिवंत होता, पण पंख कामातनं गेला होता. कुणाचा तंगूस ते कळायला मार्ग नाही, म्हणून दुसऱ्याचा पडलेला दिसला तरी मी उचलतो. चाऱ्याची प्लास्टिकची पिशवी, गुटख्याची पुडी, चहाचे कप हे तर आलंच. मासा तिथंच साफ केला तर आतडी काठावर टाकू नका, धुण्याच्या दगडाजवळ तर नाहीच, लांब खड्डा करा.

आणि मागं कुणीतरी तासभर उभं असतं, जागा मिळते का बघत, तोंडानं काही बोलत नाही. निघताना त्याला हाक मारा. "या, मी उठलो. हितं समोर तळाला दगड हाय, दोन हात डावीकडं टाका, चारा मी टाकलाय सकाळी, अजून तासभर लागंल."